मल्टिक्स खरंच फसली का?

साताऱ्या-सांगलीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हायव्हात मल्टिक्सबद्दल विचारलं, की बहुधा पाठ केलेलं उत्तर येतं : अवाढव्य होती, फसली, म्हणून बेल लॅब्सवाल्यांनी युनिक्स लिहिली.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी १९६५ साली जाहीर केलेला आराखडा रखडला. १९६९मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं आणि त्याच वर्षी केन टॉम्पसन व डेनिस रिची पीडीपी-७वर युनिक्सच्या कामाला लागले.

पण ‘फसली’ म्हणायला आधार काय? मल्टिक्स पुढे हनीवेलने विकली, जवळपास ८० ठिकाणी ती चालली. कॅनडाच्या संरक्षण खात्याचं हॅलिफॅक्समधलं शेवटचं यंत्र बंद झालं ते ३० ऑक्टोबर २००० रोजी.

युनिक्स म्हणजे मल्टिक्सचा नकार, हेही टिकत नाही. लॅबमध्ये लिनक्सवर बसलेला विद्यार्थी एका डिरेक्टरीतून तिच्या पोटातल्या दुसरीत शिरतो. ही उतरंड डेली आणि न्यूमन यांनी १९६५मध्येच मल्टिक्ससाठी मांडली होती. तिथे दोन नावांच्या मध्ये ‘>’ हे चिन्ह यायचं, युनिक्सने तिरकी रेघ घेतली. शेलचं नाव, त्याचं काम आणि इनपुट-आउटपुटच्या सिस्टिम कॉल्सची घडण मल्टिक्सवरून सुचली, हे रिची-टॉम्पसन यांनी १९७४च्या निबंधात स्वतःच नोंदवलं आहे. ‘फोर्क’ मात्र बर्कलीच्या टाइम-शेअरिंग सिस्टिमचा, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

यावर एक वजनदार आक्षेप येतो : मल्टिक्सचा गाभाच युनिक्सने टाकला. मल्टिक्समध्ये फाइल म्हणजे मेमरीतलाच एक सेगमेंट. ती वेगळी वाचावी-लिहावी लागत नसे. शिवाय प्रोग्रॅम चालू असतानाच हवा तो भाग जोडला जाई. सुरुवातीच्या युनिक्समध्ये यातलं काहीच नव्हतं, हे मान्य. पण युनिक्सच्याच वंशातल्या, १९८८च्या सनओएस ४.०मध्ये फाइल मेमरीत मांडण्याची सोय आणि शेअर्ड लायब्ररी या दोन्ही गोष्टी आल्या. मल्टिक्सची संरक्षक वलयंही, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला किती अधिकार हे ठरवणारे थर, इंटेलच्या १९८२च्या ८०२८६ प्रोसेसरमध्ये उतरली, चारच का होईनात.

म्हणजे जे टाकलं, त्यातलंही बरंच वंशजांना परत घ्यावं लागलं. युनिक्सचं श्रेय यामुळे कमी होत नाही. कशाशिवाय भागेल, हे तिच्या कर्त्यांनी नेमकं ओळखलं. मात्र त्या काटकसरीला तत्त्वाचा विरोध समजू नये. पीडीपी-७च्या जेमतेम ८ हजार शब्दांच्या मेमरीत सेगमेंट, वलयं आणि चालू प्रोग्रॅमला भाग जोडणं हा सगळा संसार मांडायला जागाच नव्हती.