एका मातेचा प्रश्न

बुद्धीची वाढ खुंटलेलें मूल घरांत असलें म्हणजे आईबापांचें दुःख दुहेरी असतें. मुलाची काळजी तर खरीच. परंतु ‘हें असें कां झालें?’ या प्रश्नास उत्तर न मिळण्याची यातनाही थोडी नसते. तो प्रश्न एका मातेनें सोडला नाहीं, त्याची ही हकीकत आहे.

नॉर्वेंतील बोर्ग्नी एगेलंड या बाईंना दोन अपत्यें होतीं. जन्मतः दोन्ही निरोगी दिसलीं. पुढें मात्र त्यांची बुद्धि वाढेना. त्यांच्या अंगाला एक विलक्षण दर्प येई. बाईंनीं अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजविले, पण कारण कोणासही सांगतां येईना. अखेर ऑस्लो येथील डॉ. फोलिंग यांनीं मुलांची लघवी तपासली. फेरिक क्लोराइड मिसळतांच ती गर्द हिरवी झाली! पुढील परीक्षणासाठीं ती माता वारंवार नमुने पुरवीत राहिली. त्यांत फेनिलपायरुविक आम्ल सांपडलें. मग अशाच ४३० जणांची तपासणी झाली. त्यांपैकीं ८ जणांस हाच विकार निघाला.

१९३४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच सालीं नॉर्वेनें अशा व्यक्तींच्या निर्बीजीकरणास वाट करून देणारा कायदा केला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दूध, मांस इत्यादि अन्नांतील प्रथिनांत फेनिलॲलानिन नांवाचें द्रव्य असतें. या मुलांच्या यकृतास त्याचें रूपांतर करतां येत नाहीं. तें रक्तांत सांचून मेंदूस अपाय करतें. हा दोष आईच्या हयगयीचा नव्हे. तो मातापित्यांकडून नकळत, वारशानें येतो.

१९५० च्या दशकाच्या आरंभीं बर्मिंगहॅम येथें डॉ. बिकेल यांनीं एका मुलीस तें द्रव्य काढून टाकलेला आहार दिला आणि तिची प्रकृति सुधारली. तेथेंही उपायासाठीं हट्ट धरला होता तो तिच्या आईनेंच. पुढें अमेरिकेंतील डॉ. गथ्री यांनीं नवजात अर्भकाच्या टाचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची सोपी रीत काढली. गथ्री हे स्वतः अशा मुलाचे पिता होते; त्यांच्या एका भाचीस तर हाच विकार होता.

आज अनेक देशांत ही परीक्षा होते, आणि जन्मानंतर लवकरच पथ्य सुरू केल्यास बालकाची बुद्धि इतरांप्रमाणें वाढते. एगेलंडबाईंच्या मुलांना मात्र याचा लाभ झाला नाहीं. त्यांच्यासाठीं तो उपाय फार उशिरा आला. परंतु त्यांच्या आईनें विचारलेल्या प्रश्नामुळें पुढील असंख्य घरांतील दुःख टळलें.