पाहणीपासून निविदेपर्यंत

सरकारी योजनेचा पैसा खेड्यात पोहोचतो तेव्हा तिथे नेमके काय बदलते, हे तपासण्याच्या कामाचा मागोवा घेताना आपण आधी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला जाऊ. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी त्या गावातल्या १५६ खातेदारांची शेते मोजली आणि घरटी माहिती घेतली. तब्बल ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान निघाले. वर्षानुवर्षे सरकारी दप्तरात सारा भरणारे खातेदार दिसत होते. त्यांचा संसार आणि कर्ज मान यांच्या पाहणीत दिसले. पुढे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात अर्थकारणाचा अभ्यास करणारी गोखले संस्था उभी राहिली. या संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून १९४८ साली अहवाल दिला. त्यात पाण्याचा थेट लाभ तर मोजलाच, पण त्यामागून येणारा अप्रत्यक्ष लाभही हिशेबात धरला.

ऑक्टोबर १९५२ मध्ये समूह विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच महिन्यात कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. तिची धुरा पुण्याचेच प्रा. द. गो. कर्वे यांच्याकडे आली. कार्यक्रम राबवणाऱ्या प्रशासनाच्या हाताखाली ही संघटना नव्हती. ती नियोजन आयोगाची होती. या कथेतले खरे वळण हेच. १९५४ साली केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या मदतीने गोखले संस्थेत कृषी-आर्थिक संशोधन केंद्र सुरू झाले, आणि सरकारचे प्रश्न बाहेरच्या अभ्यासकांकडे नेमाने जाऊ लागले.   

२०१५ साली कर्व्यांची ती संघटना नियोजन आयोगाच्या जागी आलेल्या नीती आयोगाच्या नव्या मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. आज हे काम बहुधा निविदेने दिले जाते. तांत्रिक आणि आर्थिक प्रस्ताव वेगवेगळे उघडतात, गुण दिले जातात, सल्लागार कंपनी निवडली जाते. त्यामुळे हिशेब चोख राहतो आणि नव्या संस्थांनाही संधी मिळते. मात्र अनेकदा ज्या खात्याची योजना तपासायची, तेच खाते देयक मंजूर करते. अशा वेळी कटू निष्कर्ष लिहिणाऱ्याला पुढच्या कामाची धास्ती राहणारच. म्हणून कंत्राट द्यावे, पण ते देणारा आणि पैसे चुकते करणारा योजना राबवणाऱ्या खात्याबाहेरचा असावा, आणि प्रत्येक अहवाल लोकांसमोर यावा.