हस्तपत्रकाची पुष्पिका

कारंजा लाड हे पोथ्यांचे गाव आहे. येथील जैन भट्टारकांच्या पीठांनी शतकानुशतके संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश ग्रंथ जतन केले. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्याच्या भांडारांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. अशा पोथीच्या शेवटी बहुधा पुष्पिका असते. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, हे त्या चार ओळी सांगतात. लेखनिक चुकीबद्दल क्षमा मागतो, पण स्वतःचे नाव लपवीत नाही. मराठी शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना नगरपालिकांच्या निवडणुकीतील हस्तपत्रकांविषयी विचार करताना ही पुष्पिका वारंवार आठवते. कारण बदनामीच्या पत्रकात नेमकी तीच नसते. तेथे स्वाक्षरीच्या जागी 'एक हितचिंतक' उभा असतो, नाहीतर 'जागरूक नागरिक'.

या वाङ्मयप्रकाराचा आपल्याकडील एक ठळक अध्याय १९२५ सालच्या पुण्यात घडला. आदल्याच वर्षी मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला होता. ब्राह्मणेतर पक्षाचे तरुण पुढारी केशवराव जेधे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी जोतीराव फुले यांचाही पुतळा बसवावा, असा ठराव मांडला. विरोधकांकडून याला जे उत्तर आले, त्याचे शीर्षकच एक प्रश्न होता : 'कोण हा फुल्या?'

साहित्याच्या विद्यार्थ्याने या तीन शब्दांपाशी थोडे थांबावे. 'फुले' या आडनावाचे 'फुल्या' केले की मराठीत वेगळा अपशब्द वापरावाच लागत नाही. एका प्रत्ययात माणूस अंगणाबाहेर उभा राहतो. 'हा' या दर्शक सर्वनामाने उरलासुरला आदर काढून घेतला. आणि 'कोण' हा तर प्रश्न. त्याला खोटे कसे म्हणणार? परंतु वस्तुस्थिती अशी, की जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात याच पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर होऊ घातलेल्या मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना जाऊन अवघी पस्तीस वर्षे झाली होती. ज्या संस्थेच्या कामकाजात त्यांचा आवाज उमटला, त्याच संस्थेपुढे 'हा कोण?' असे विचारणे म्हणजे एकही असत्य विधान न करता असत्य पसरविणे होय. दिशाभूल करणाऱ्या पत्रकाचे खरे कसब येथे आहे.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही तपासले पाहिजे. दिनकरराव जवळकर यांनी त्याच वर्षी 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका लिहिली. तिचा रोख टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर होता. हे दोघेही तेव्हा हयात नव्हते. भाषा जहाल होती, पुष्कळदा शिवराळही. मात्र एक फरक नोंदविणे आवश्यक आहे. या पुस्तिकेला पुष्पिका होती. लेखक जवळकर, प्रकाशक जेधे, प्रस्तावना वकील केशवराव बागडे यांची, आणि मुद्रकाचेही नाव. म्हणूनच खटला होऊ शकला. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली आणि १९२६ साली आरोपी सुटले. जवळकरांचे लेखन न्याय्य होते की नाही, यावर मतभेद राहतील. पण त्यांनी किंमत मोजण्याची तयारी ठेवली होती, हे निनावी पत्रकाविषयी कधीच म्हणता येणार नाही.

या गदारोळात हरवला तो ठराव. फुल्यांच्या कार्याची सार्वजनिक नोंद नगरपालिकेने घ्यावी की नाही, या साध्या प्रश्नावर शांतपणे चर्चा झालीच नाही. चर्चा झाली ती मृतांच्या चारित्र्याची. पुढे ज्या मंडईच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता, तिलाच, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने, त्यांचे नाव मिळाले. इतिहासाचा हा विनोद मनोज्ञ खरा. परंतु त्यामुळे १९२५ ची हानी भरून निघाली, असे आम्हाला वाटत नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व स्थळ बंधनकारक केले होते. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा १९२० पासून भारतीय दंडविधानात गुन्हा होता; जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत आली आहे. पण कायद्याला 'विधान' लागते. पत्रक विधान करीत नाही. ते 'म्हणे' वापरते. 'अमक्याने नळयोजनेत हात मारला म्हणे', 'असे ऐकिवात आहे', 'जनता विचारते आहे'. या 'म्हणे'ला कर्ता नसतो. बोलीत तो ऐकीव गोष्टीबद्दलची सावध कबुली असतो; पत्रकात तोच जबाबदारी झटकण्याचे साधन होतो.

मोठ्या निवडणुकीपेक्षा नगरपरिषदेत हे विष अधिक भिनते. प्रभाग लहान, मतांचे अंतर थोडे, आणि ज्याच्याविषयी लिहिले तो शेजारचा. पत्रक मतदानाच्या आदल्या रात्री दाराच्या फटीतून आत सरकते, म्हणजे खुलाशाला सवडच उरत नाही. निवडणूक संपते, पण त्या घरातली मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून शाळेत जाते. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्या काळात कागदाची जागा बरीचशी मोबाइलने घेतली होती. तेथे तर मुद्रकही उरला नाही. पुढे पाठविणारा प्रत्येक जण 'मी फक्त पाठविले' म्हणून मोकळा.

अशा वेळी वाङ्मयाच्या वर्गाचे काम काय? आमच्या मते, हस्तपत्रकही संहिता म्हणून वाचायला शिकविणे. कर्ता कुठे आहे? क्रियापद कोणाच्या नावावर आहे? प्रश्नचिन्हाआड कोणते विधान दडले आहे? पोथीची पुष्पिका तपासणारा विद्यार्थी ती जेथे नाही तेथेही शोधू लागला, तर त्याच्या मराठीचा गावाला उपयोग झाला असे म्हणता येईल. पाठ्यपुस्तकात हा धडा नाही. तो आपल्यालाच घ्यावा लागेल.