घरी बनवलेल्या ल्यूरचा रंग का उडतो? तो टिकवायचा कसा?

ल्यूर म्हणजे माशाला खरं भक्ष्य वाटावं असं लाकडी किंवा प्लॅस्टिकचं कृत्रिम आमिष. मरळ, शिवडा यांसारखे शिकारी मासे लहान माशांवर जगतात, म्हणून ते ल्यूरवर झडप घालतात. गंगापूर, दारणा अशी धरणं जवळ असल्याने नाशिकच्या हौशी गळकऱ्यांना ल्यूर घरीच बनवून पाहता येतो. मात्र त्याचा रंग अनेकदा लवकर पोपडे धरतो.

रंग का निघतो?

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, आत शिरलेल्या पाण्याचा असतो. गळ अडकवण्याच्या कडीच्या छिद्रातून किंवा दातांच्या ओरखड्यातून पाणी आत जातं, लाकूड फुगतं आणि वरचा थर तडकतो. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड चांगलं तरंगतं, पण पाणीही लवकर पितं.

थर कसे द्यायचे?

१. १२० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड घासा. कडीची छिद्रं आधीच पाडा.
२. सीलरचे दोन हात द्या. छिद्रांच्या आतही सीलर गेला पाहिजे.
३. पांढरा प्रायमर लावा. त्यावर रंग उठून दिसतात.
४. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग वापरा. पाठ गडद, पोट फिकट ठेवा. मच्छरदाणीचा तुकडा ताणून त्यावरून स्प्रे केल्यास खवल्यांची नक्षी उमटते.
५. रंग पूर्ण वाळल्यावर दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी लावा. राळ आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर दिल्याप्रमाणेच घ्या. अंदाज चुकला तर थर चिकटच राहतो. ओघळ येऊ नयेत म्हणून ल्यूर मंद मोटारीवर फिरवत ठेवतात.

नाशिकच्या हवेचं काय?

पावसाळ्यातल्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा धूसर थर येऊ शकतो. थंडीत ते घट्ट होतं आणि उशिरा सुकतं. त्यामुळे कोरडा, उबदार दिवस निवडा. हार्डनरमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

शिशाचा प्रश्न

निघालेले पोपडे शेवटी पाण्यातच जातात. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग आहे. औद्योगिक रंगांना हा नियम लागू नाही, म्हणून डबा नीट वाचून घ्या. ल्यूरमध्ये वजनासाठी शिशाऐवजी स्टीलचे छर्रे वापरता येतात. पाणपक्ष्यांनी शिसं गिळलं तर त्यांना विषबाधा होते, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ असलेलं नांदूर मध्यमेश्वर याच जिल्ह्यात आहे.

पाण्यात टाकण्याआधी

ल्यूर वजन करून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी पुसून पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर कुठेतरी फट राहिली आहे. धरणावर जाण्याआधी परवानगीचीही चौकशी करा, कारण अनेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात.