जुने निसर्गचित्र इंटरनेटवर विकताना : ओळख, कायदा आणि सुरक्षित पाठवणी

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील सदर बाजार हा शहराचा जुना सराफ बाजार. येथे दागिना मोडायला नेला, तर कसोटीच्या दगडावर सोन्याचा कस लागतो, तराजूवर वजन होते आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम हाती पडते. त्याच घराच्या भिंतीवर दोन पिढ्यांपासून टांगलेले निसर्गचित्र मात्र अशा कोणत्याही कसोटीवर घासून पाहता येत नाही. त्याला ठरलेला भाव नसतो आणि त्याचा जाणकार ग्राहक बहुधा मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्यात असतो. त्यामुळे इंटरनेटद्वारे विक्रीचा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. मात्र या मार्गावर अज्ञानामुळे चित्र कवडीमोलाने जाणे, कायद्याचा भंग होणे आणि प्रवासात चित्राची नासधूस होणे, असे तीन धोके संभवतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रजी राजवटीत नागपूर व रायपूर एकाच मध्य प्रांताचे भाग राहिले. या दीर्घ संबंधामुळे रायपुरात मराठी कुटुंबे स्थिरावली. अशा घरांत मुंबई-नागपूरकडून आलेली जुनी चित्रे असणे नवलाचे नाही.

हाती नेमके काय आहे?

मुंबईतील सर ज. जी. कला विद्यालयाची स्थापना १८५७ मध्ये झाली, तर बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये अस्तित्वात आली. या दोन संस्थांभोवती जलरंग व तैलरंगातील निसर्गचित्रणाची सकस परंपरा वाढली. म. वि. धुरंधर, सा. ल. हळदणकर, कोल्हापूरचे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर ही त्यातील ठळक नावे होत. यांच्याबरोबरच शेकडो अल्पपरिचित चित्रकार, ड्रॉईंग शिक्षक व हौशी कलावंत निसर्गचित्रे काढत होते. घरातील चित्र बहुधा या दुसऱ्या वर्गातील असते. तेही मोलाचे असू शकते. परंतु लिलावांतील कोटींचे आकडे वाचून त्याची किंमत ठरविणे योग्य नव्हे.

प्रथम ते चित्र आहे की छापील प्रत, हे पाहावे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला. तेथील व परदेशांतून आलेल्या तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रती जुन्या घरांत मोठ्या संख्येने आढळतात. भिंगातून पाहिल्यास छपाईत रंगांचे बारीक ठिपके दिसतात. हाताने रंगविलेल्या चित्रात कुंचल्याचे फटकारे आणि रंगांचे एकमेकांवर चढलेले थर दिसतात.

चित्राची मागची बाजू अनेकदा पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. प्रदर्शनाची चिठ्ठी, चौकट बनविणाऱ्या दुकानाचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेले नाव किंवा किंमत यांची नोंद करावी. चौकट बदलताना अशा चिठ्ठ्या फेकून देणे म्हणजे चित्राची जन्मपत्रिकाच फेकून देणे होय. घरातील जुनी पत्रे, पावत्या किंवा ज्यात चित्र भिंतीवर दिसते असे जुने छायाचित्र हेही मालकीच्या इतिहासाचे पुरावे ठरतात.

मोठ्या नावाचा मोह

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १९२२ मध्ये मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात जन्मलेल्या रझांनी नागपूरच्या कला विद्यालयात आणि नंतर मुंबईत शिक्षण घेतले. १९४० च्या दशकात त्यांनी जलरंगात अनेक निसर्गचित्रे काढली. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीतील एका कलादालनात त्यांच्या सुरुवातीच्या काळातील म्हणून मांडलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तेथे आलेल्या रझांनी त्यांतील बहुतेक चित्रे आपली नसल्याचे सांगितले आणि प्रदर्शन बंद करावे लागले. त्या वेळी चित्रकार स्वतः हयात होते म्हणून हा प्रकार उघडकीस आला. दिवंगत चित्रकाराच्या बाबतीत तशी सोय नसते. म्हणून स्वाक्षरी वाचता येत नसल्यास, किंवा ती खरी असल्याची खात्री नसल्यास, वर्णनात तसे स्पष्ट लिहावे. तर्काने मोठे नाव जोडल्यास विक्रेता फसवणुकीच्या आरोपात अडकू शकतो.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ मध्ये संमत झाला व ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुने चित्र पुरावस्तू ठरते. रवींद्रनाथ ठाकूर, अवनींद्रनाथ ठाकूर, गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी राय, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा, शैलोज मुखर्जी आणि हिमालयाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले निकोलस रोरिक या नऊ चित्रकारांच्या कृती १०० वर्षांच्या नसल्या तरी कलानिधी म्हणून संरक्षित आहेत.

अशी चित्रे देशांतर्गत विकता येतात. परंतु खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत. टपालाने किंवा नातेवाइकाच्या सामानातून पाठविणे हीदेखील निर्यातच होय. बेकायदा निर्यातीस किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंडाची शिक्षा आहे. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना आवश्यक असतो, तसेच नोंदणीकृत पुरावस्तूची मालकी बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. चित्र पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळविता येते. परदेशी ग्राहकाशी बोलणी करण्यापूर्वी ते हाती असावे.

स्वामित्वहक्काचाही विचार करावा. चित्र विकत घेतल्याने त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो हक्क टिकतो. हळदणकरांचे निधन १९६८ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या चित्रांबाबत ही मुदत २०२८ अखेर संपते. मुदत संपेपर्यंत मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांहून अधिक किमतीस झाल्यास चित्रकार किंवा त्याचे वारस १० टक्क्यांपर्यंत वाटा मागू शकतात.

प्राप्तिकराच्या बाबतीत चित्र हे घरगुती सामान मानले जात नाही. दागिन्यांप्रमाणेच ते भांडवली मालमत्तेत मोडते. २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या चित्रावरील नफ्यास २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर लागू झाला. वारसाने आलेल्या चित्रासाठी पूर्वीच्या मालकाचा काळही धरला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वी कुटुंबात आलेल्या चित्राची त्या दिवशीची वाजवी किंमत खरेदीमूल्य म्हणून घेता येते.

वर्णन, छायाचित्रे आणि विक्री

विक्रीपूर्वी चित्र पुसण्याचा मोह टाळावा. ओले फडके, तेल, कापलेला बटाटा यांसारखे घरगुती उपाय रंगाचा थर कायमचा बिघडवितात. मळलेले पण मूळ अवस्थेतील चित्र हौशी सफाई केलेल्या चित्रापेक्षा ग्राहकास अधिक पसंत पडते.

छायाचित्रे दिवसाच्या अप्रत्यक्ष उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावीत. संपूर्ण चित्र, मागील बाजू, स्वाक्षरी, चारही कोपरे आणि प्रत्येक तडा, डाग वा बुरशी स्वतंत्रपणे दाखवावी. वर्णनात माध्यम, चौकटीविना उंची व रुंदी सेंटिमीटरमध्ये, स्वाक्षरी, अंदाजे काळ, मालकीचा इतिहास आणि दोष नोंदवावेत.

साधे चित्र सर्वसाधारण विक्री संकेतस्थळावर विकता येते. नामवंत चित्रकाराचे वाटत असल्यास प्रथम किमान दोन लिलावसंस्थांचे मत घ्यावे. २००० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सॅफ्रनआर्टने भारतात चित्रांच्या ऑनलाइन लिलावाची वाट रुळविली. आज अशा अनेक संस्था छायाचित्रे पाहून प्राथमिक अंदाज देतात. त्यांचे कमिशन, विमा, वाहतूक खर्च आणि राखीव किंमत या बाबी लेखी घ्याव्यात.

पैसे बँकेत प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय चित्र हलवू नये. रक्कम स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन द्यावा लागत नाही किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. तसे सांगणारा ग्राहक भामटा समजावा. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

वेष्टन व वाहतूक

रायपूर ते मुंबई हे अंतर सुमारे ११०० किलोमीटर आहे. या प्रवासात धक्के, उष्णता व ओल हे चित्राचे तीन शत्रू. शक्य असल्यास भर उन्हाळा आणि पावसाळा टाळून हिवाळ्यात चित्र पाठवावे.

तैलचित्राच्या पृष्ठभागावर फुगेदार प्लॅस्टिक कधीही थेट गुंडाळू नये. उष्णतेने नरम झालेल्या रंगावर त्याचे गोल ठसे उमटतात. प्रथम आम्लविरहित गुळगुळीत कागद, मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे वा फोमचे संरक्षण, त्यानंतर दोन्ही बाजूंस जाड पुठ्ठे आणि शेवटी फुगेदार प्लॅस्टिक, असा क्रम ठेवावा. काचेवर चिकटपट्ट्या आडव्या-उभ्या लावल्यास ती फुटली तरी तुकडे कागदात घुसत नाहीत. जलरंगचित्राची काच काढून ॲक्रिलिक बसविणे अधिक सुरक्षित. मात्र पेस्टल वा कोळशाच्या चित्रास ॲक्रिलिक वापरू नये, कारण त्यातील स्थिर विद्युतभार रंगाचे कण ओढून घेतो.

मोठ्या किंवा मौल्यवान चित्रासाठी प्लायवूडची पेटी करावी. आतून सर्व बाजूंस सुमारे ५ सेंटिमीटर फोम असावा आणि झाकण खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावे. ठोकण्याच्या हादऱ्यानेही जुना रंग पोपडे धरून गळतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पेटी नेहमी उभी न्यावी. जुने तैलचित्र चौकटीतून सोडवून गुंडाळी करून पाठवू नये. वाळलेला रंग तडकतो.

विमा हा या प्रवासातील अखेरचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालील नियमांनुसार, अधिक जोखमीचा दर भरला नसल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच मर्यादित असते. म्हणजे १,५०० रुपये भाडे भरलेल्या २ लाखांच्या चित्राची भरपाई १५,००० रुपयांवर थांबते. म्हणून पूर्ण किंमत जाहीर करून स्वतंत्र विमा उतरवावा आणि पॉलिसीत कलाकृती वगळलेल्या नाहीत, याची खात्री करावी. वेष्टनाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवावीत. ग्राहकानेही पेटी उघडताना चित्रफीत काढावी, असे आधीच ठरवावे. नुकसान झाल्यास वाहतूकदारास लेखी नोटीस देण्यास विलंब करू नये. माल सोपविल्यापासून १८० दिवसांत ती न दिल्यास दावा करता येत नाही.

चित्र घराबाहेर पडण्यापूर्वी त्याचे एक उत्तम छायाचित्र आणि मागील मजकुराची नक्कल कुटुंबाने स्वतःजवळ ठेवावी. पुढे वाद उद्भवल्यास तोच पुरावा ठरतो. वाद न उद्भवला, तर त्या चित्राची तेवढीच आठवण घरात उरते.