चित्रपटाची पुष्पिका : आचार्य अत्रे यांच्या चित्रपट-कर्तृत्वाचीं साधनें

हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम तिचें शेवटचें पान पाहतों. ग्रंथ कोणीं रचला, नक्कल कोणीं केली, कोणासाठीं केली, शक कोणता, स्थळ कोणतें, हें पुष्पिकेंत सांपडतें. तें पान गळालें असल्यास पोथी कितीही सुरेख असो, संशोधकाचें निम्में काम अडतें. चित्रपटासही अशी पुष्पिका असते. ती बहुधा आरंभींच पडद्यावर येते आणि प्रेक्षक जागा शोधीत आहेत तोंच निघून जाते. तिला श्रेयनामावली म्हणतात. पुणें जिल्ह्यांतील एका कर्तबगार पुरुषाचें चरित्र या पुष्पिकांच्या आधारें कसें वाचतां येतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं सासवडजवळील कोडीत खुर्द येथें झाला. आमच्या दौंड तालुक्यांतील यवत गांवाहून भुलेश्वराचा डोंगर चढलें कीं पुरंदर तालुका लागतो. तेव्हां ते आम्हां भीमाकांठच्या मंडळींचे शेजारीच. नाटककार, विडंबनकार, पत्रकार व संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे अग्रणी या नात्यांनीं त्यांच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांचा मूळ पेशा शिक्षकाचा. पुण्याच्या कॅम्प भागांतील शाळेचें मुख्याध्यापकपद त्यांनीं सांभाळलें, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली, आणि ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली. ही गोष्ट पुढील विवेचनास उपयोगी असल्यानें ध्यानांत ठेवावी.

त्यांच्या चित्रपट-कर्तृत्वाचे तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा हंस पिक्चर्सचा. ही संस्था बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक व पांडुरंग नाईक यांनीं १९३६ सालीं कोल्हापुरास स्थापिली. तिच्या ‘धर्मवीर’ (१९३७), ‘प्रेमवीर’ (१९३७), ‘ब्रह्मचारी’ (१९३८) व ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या चित्रपटांच्या कथा अत्र्यांच्या, दिग्दर्शन मास्टर विनायकांचें, आणि संस्था अर्थात् परक्याची. येथें त्यांचें स्थान दरबारीं काव्य रचणाऱ्या पंडिताचें होय: शब्द त्याचे, सिंहासन दुसऱ्याचें.

दुसरा टप्पा ‘पायाची दासी’ (१९४१) व ‘वसंतसेना’ (१९४२) यांचा. आतां निर्माता म्हणून ‘अत्रे पिक्चर्स’ हें नांव येतें. दिग्दर्शक मात्र गजानन जागीरदार आहेत. तिसऱ्या टप्प्यांत, ‘श्यामची आई’ (१९५३) व ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटांत, लेखक, दिग्दर्शक व निर्माता हे तिन्ही अधिकार एकाच पुरुषाकडे आलेले दिसतात. राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षीं, म्हणजे १९५४ सालीं, ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, त्यापुढील वर्षीं ‘महात्मा फुले’ला मराठीसाठींचें रौप्यपदक मिळालें.

या क्रमावरून एक अनुमान निघतें. परक्या संस्थेसाठीं लिहितांना अत्र्यांनीं मुख्यतः विनोदाचें शस्त्र चालविलें. निवड सर्वस्वीं आपल्या हातीं आल्यावर त्यांनीं काय घेतलें? सासुरवासाचा प्रश्न, शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’, अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें पुस्तक, आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांचें चरित्र. ही यादी चित्रपटगृहाच्या मालकापेक्षां मुख्याध्यापकाची अधिक वाटते. द्रव्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेतल्यावर मनुष्य सावध होतो, असा सामान्य अनुभव आहे. अत्रे तेव्हां शिक्षक झाले.

या अनुमानावर असा आक्षेप येईल कीं, ‘कऱ्हेचें पाणी’ हें पांच खंडांचें आत्मचरित्र उपलब्ध असतां पुष्पिकांचा खटाटोप कशाला? उत्तर आपल्या शास्त्रांतच आहे. आत्मचरित्र हें मागाहून स्मरणानें लिहिलेलें. त्याची योग्यता बखरीची. बखर त्याज्य नव्हे, परंतु तिला समकालीन पत्राची जोड हवी. करारपत्रें, जमाखर्चाच्या वह्या, संवादांच्या टंकलिखित प्रती, जाहिराती व पडद्यावरील श्रेयनामावली हीं येथील समकालीन पत्रें होत.

तीं जतन होण्याची निकड किती, हें ‘वसंतसेने’च्या मूळ कथेवरूनच समजेल. चारुदत्त व वसंतसेना यांचें आख्यान सांगणारें चार अंकी ‘चारुदत्त’ हें नाटक शतकानुशतकें अज्ञात राहिलें. पुढें गणपतिशास्त्री यांना त्रावणकोर संस्थानांत ताडपत्रें मिळालीं. भासाचीं म्हणून तीं नाटकें १९१२ पासून त्रिवेंद्रम येथें छापलीं गेलीं, आणि ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या चार अंकांशीं त्यांतील ‘चारुदत्ता’चें निकट साम्य विद्वानांस दिसलें. ताडपत्रानें इतकी वाट पाहिली. चित्रपटाची फीत तशी वाट पाहत नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत आपोआप विरघळते व चटकन् पेटते. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तरी त्याच पुण्यांत जानेवारी २००३ मध्यें लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला.

फीत गेली तरी कागद राहूं शकतो. चित्रपटगृहाच्या दारीं अल्प किंमतीस पुस्तिका विकत. तींत कथासार, गीतें आणि कलावंतांचीं नांवें छापलेलीं असत. तीच त्या पुष्पिकेची नक्कल. येथें स्वतःचा एक अपराध नमूद करणें भाग आहे. आमच्या वडिलांनीं तरुणपणीं जमविलेल्या अशा पुस्तिकांची एक जुडी दौंडच्या घरीं माळ्यावर होती. १९८७ सालीं शिरूरच्या शाळेंतील नोकरीमुळें बिऱ्हाड हलवितांना ती आम्हीं आपल्या हातानें रद्दींत वजनावर घातली. संस्कृताच्या पोथ्या तेवढ्या कापडांत बांधून नेल्या. हीं पानें कोणी कधीं मागेल असें मनांतही आलें नाहीं. त्यांत ‘पायाची दासी’ची पुस्तिका होती. तिचें मुखपृष्ठ अद्यापि डोळ्यांपुढें आहे. आंतील नामावलीचें एक अक्षरही आठवत नाहीं. जें संशोधनास निरुपयोगी तेवढें स्मरणांत उरलें, आणि जें उपयोगी तें आठ-दहा किलोंच्या भावांत गेलें.

सबब संग्राहकांस विनंति इतकीच कीं, शिरूर, दौंड, सासवडकडील जुन्या वाड्यांतील दप्तरें तपासतांना मोडी रुमालांच्या तळाशीं अशी एखादी चुरगळलेली पुस्तिका आढळली, तर ती झटकून बाजूस टाकूं नये. तिच्यावर क्रमांक घालावा, कोणत्या घरीं मिळाली तें स्थळ व तिथि लिहावी, आणि पानें न शिवतां सपाट ठेवावीं. अत्रे १३ जून १९६९ रोजीं निवर्तले. त्यांच्या चित्रपट-चरित्राची पोथी अजून जुळवावयाची आहे. तिचें एखादें पान कोणाच्या तरी माळ्यावर असेल.