तीन लखोटे आणि चंद्राच्या कला

दिवाळीच्या फराळाबरोबर दंडाची आणि तुरुंगाची कथा वाढावी, हे तसे शोभणारे नाही. पण फराळाचा या कथेशी संबंध आहे. रवा, साखर, तेल यांचा भाव आपण दोन दुकानांत विचारतो, तो एका विश्वासावर. हे दोघे दुकानदार आपसांत ठरवून भाव सांगत नाहीत, असे आपण गृहीत धरलेले असते. हा विश्वास मोडला तर त्याला लबाडी म्हणावे की गुन्हा? मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कायदेपंडित नव्हे. पण एका प्रसंगाने मला या प्रश्नाच्या मागे लावले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला चाळीस बाके घ्यायची होती. रिवाजाप्रमाणे तीन कोटेशने मागवली. लखोटे फोडताना मी समितीत होतो. दुकाने तीन, शिक्के तीन, आकडे तीन. पण 'सागवानी' हा शब्द तिन्ही कागदांवर 'सागवाणी' असाच लिहिलेला! तीन उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली की मास्तराला आणखी पुरावा लागत नाही. मी कुजबुजलो, तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, नुकसान कुणाचं होतंय? पैसा अनुदानाचा आहे." मी सही केली. ती सही पुढे मला बोचत राहिली.

हा रोग आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कण्टकशोधन' नावाचे चौथे अधिकरण आहे. समाजाला टोचणारे काटे कसे काढावेत, याचा तिथे विचार आहे. त्या काट्यांत चोरांबरोबर व्यापारीही आहेत. व्यापाऱ्यांनी 'संभूय', म्हणजे एकत्र येऊन, माल अडवला किंवा अयोग्य भावाने विकला तर हजार पण दंड. कारागिरांनी संगनमताने कामाचा कस उतरवला तरी तेवढाच. आपल्याकडे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती 1960 पासून सिद्ध केली. जिज्ञासूंनी ती पाहावी. याज्ञवल्क्यस्मृतीतही एकजुटीने भाव बिघडवणाऱ्यांना सर्वांत मोठा दंड आहे. तिकडे कॉन्स्टँटिनोपलला सम्राट झेनो याने 483 मध्ये फर्मान काढले: मक्तेदारी करणाऱ्याची मालमत्ता जप्त आणि जन्माची हद्दपारी, भाव ठरवणाऱ्या संघांच्या प्रमुखांना सोन्याचा दंड.

मग सारे जग या बाबतीत एकमताचे होते काय? मुळीच नाही. सॅक्सनीतल्या लाकडाच्या लगद्याच्या कारखानदारांनी एक संघ केला होता. माल संघामार्फतच विकायचा, असा करार. एकाने तो मोडून बाहेर माल विकला, तेव्हा संघाने त्याच्यावर दावा लावला. 1897 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने करार वैध ठरवला. म्हणजे दोषी ठरला तो संगनमत मोडणारा! पडत्या भावात धंदा बुडू नये म्हणून कारखानदारांनी एकमेकांना धरून राहणे योग्यच, अशी ती दृष्टी होती.

अमेरिकेने याच्या उलट वाट धरली. 1890 च्या शर्मन कायद्याने व्यापाराला अडथळा करणारे संगनमत हा गुन्हा ठरला. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि कोठडीचे दार प्रतिष्ठितांसाठी उघडणे वेगळे. ते दार खऱ्या अर्थाने वाजले ते 1961 मध्ये.

टेनेसी खोऱ्यातल्या सरकारी वीजसंस्थेने यंत्रांसाठी बंद निविदा मागवल्या, तर निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे शेवटच्या सेंटपर्यंत जुळू लागले. 1959 मध्ये याचा बोभाटा झाला आणि चौकशी सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस यांसारख्या कंपन्यांचे अधिकारी हॉटेलांत गुपचूप भेटत. तिथल्या वहीत कंपनीचे नाव लिहीत नसत. हजर राहणाऱ्यांची यादी म्हणजे 'नाताळच्या भेटकार्डांची यादी' आणि बैठक म्हणजे 'गायनवृंदाचा सराव'. स्विचगिअरच्या धंद्यात तर 'चंद्राच्या कला' नावाचा तक्ताच होता. दर दोन आठवड्यांनी पाळी बदले. सर्वांत कमी आकडा कोणी भरायचा आणि इतरांनी किती वर राहायचे, हे तक्ता सांगे. आमच्या पंचांगाला ही कल्पना कधी सुचली नसती!

फेब्रुवारी 1961 मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश गॅनी यांनी 29 कंपन्यांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना मिळून वीस लाख डॉलरांच्या आसपास दंड केला. पण खळबळ उडाली ती सात अधिकाऱ्यांना झालेल्या तीस दिवसांच्या कैदेने. आपापल्या गावी मानाने वावरणारी, देवळात पुढच्या बाकावर बसणारी ही माणसे. त्यांच्यातल्या एकाने चौकशीत सांगितले की कृत्य बेकायदा असेल, पण गुन्हा नव्हे; कारण आम्ही कोणाचे नुकसान केले नाही. हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. माझ्या शेजारच्या गृहस्थांचेच शब्द ते!

पुढे अमेरिकेने ही कैद 1974 मध्ये तीन आणि 2004 मध्ये दहा वर्षांपर्यंत वाढवली. ब्रिटनने 2002 च्या कायद्याने पाच वर्षांची शिक्षा ठेवली, ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये दहांची. एके काळी संघांना आशीर्वाद देणाऱ्या जर्मनीने 1958 पासून त्यांच्यावर बंदी अंमलात आणली. पण तिथे इतर संगनमताला दंड आणि निविदांतल्या संगनमताला मात्र 1997 पासून फौजदारी शिक्षा आहे. भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्याचा याबाबतचा अंमल 2009 मध्ये सुरू झाला. त्यात नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, यांतले जे जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. संगनमताबद्दल थेट तुरुंग नाही. जो आधी येऊन कबुली देईल त्याला सवलत मिळते. चोरांच्या एकजुटीला तडा द्यायचा तर हाच उपाय, असे अनेक देशांनी मानले आहे.

तुरुंग असावा की नसावा, यावर विद्वानांनी वाद घालावा. नुकसान कुणाचे, याचे उत्तर मात्र मला माझ्याच वर्गात मिळाले. चाळीस बाके आली आणि अनुदान संपले. पाचवीची सहा मुले त्या वर्षी सतरंजीवरच बसली. गेल्या साली पंख्यांसाठी पुन्हा तीन लखोटे आले, पुन्हा तेच वळण. या वेळी मी सही केली नाही. कारण लिहून कागद परत केला. पंखे दोन महिने उशिरा लागले. मुले घामाघूम झाली, आणि त्यांना कारण सांगताना माझी मान खाली गेली नाही.